खेकडा कुठून धरायचा

१८ ऑगस्ट, सोमवार

ट्रक-रोबोट नापास केला. दिवस त्यातच गेला. ट्रकचा माणूस होतो ठीक, पण माणसाचा परत ट्रक करताना डावा हात चाकाखाली अडकतो. तो ओढायला दात लावावे लागतात. मी लावले. शेठ केबिनच्या काचेतून बघत होता. बाहेर येऊन म्हणाला, "शैलाबेन, तुम्हाला पगार खेळायचा देतो का चावायचा?" म्हटलं, "शेठ, पोरं चावणारच. मी त्यांच्या आधी चावते एवढंच."

मुरबाडच्या या कारखान्यात माझं काम हेच. दुसऱ्यांनी काढलेले रोबोट उघडायचे, मिटवायचे, पाडायचे, पोरांपुढे ठेवायचे आणि सांगायचं, हा चालेल, हा नाही. माहेरी वैशाखऱ्याला गेलं की बाबा विचारतात, "अजून लोकांची खेळणी मोडतंस का गो?" मोडते बाबा.

पण पुढचा नग माझा आहे. माझ्या डोक्यातून निघालेला. खेकडा, आणि खेकड्यातून उठणारा रोबोट. मी पास केला तर शेठ त्याची डाय, म्हणजे पोलादाचा साचा, कापणार. एकदा पोलाद कापलं की त्यातून हजारो खेकडे निघणार, आणि माझी चूक असली तर तीही हजारांनी निघणार.

येताना बसमध्ये डोळा लागला. शेणवा कधी मागे पडलं कळलं नाही. स्वप्नात सापगावचा पूल मधून मिटला, नदीत उभा राहिला आणि त्याने आळस दिला. कंडक्टरने हलवलं, "मॅडम, उतरायचं नाय का?"

२१ ऑगस्ट, गुरुवार

आला!

आमच्या नकाशे काढणाऱ्या मकरंदने कॉम्प्युटरवर काढला, छापला, घासला आणि सकाळी कल्याणहून येताना डब्याच्या पिशवीतून आणला. पोळीभाजीचा वास लागलाय त्याला. तळहाताएवढा, काळपट, कडेला तांबूस. आठ पाय, दोन नांग्या. दोन हातांत दोन नांग्या धरून बाहेर ओढायच्या. पाठ मधून दुभंगते, पाय आत सरकतात, नांग्यांचे खांदे होतात आणि आतला माणूस उभा राहतो. शेवटी खटका बसतो. आवाज छान आहे, हलक्या कुलपासारखा.

सांधे घट्ट, पण हट्टी नाहीत. बोट चिमटत नाही. मागच्या पायांची जोडी बारीक वाटते, सहाव्यांदा पाडल्यावर टिकते का बघायचं.

मला मधली वेळ आवडते. पाठ उघडलीय, माणूस अजून निघाला नाही. ना खेकडा ना माणूस. तिथं थांबवून टेबलावर ठेवला आणि बघत बसले. चहा निवला. मकरंद म्हणाला, "ताई, बिघडलाय का?" म्हटलं, "नाही रे, विचार करतोय तो."

२४ ऑगस्ट, रविवार

कल्याण. मकरंदच्या सोसायटीचा हॉल. पोरं गोल करून बसवली, मधे खेकडा ठेवला आणि नेहमीसारखं तोंड शिवून बसले. खेळणं समजावून सांगावं लागलं तर तो गृहपाठ झाला.

चष्मेवाल्या एका मुलीने सरळ दोन्ही नांग्या पकडल्या आणि ओढल्या. खटक्. सगळ्यांचा "ओऽऽ". मग जी झुंबड उडाली! मिटवला, उघडला, मिटवला, उघडला. शेवटी दोघांची मारामारी झाली आणि एकाची आई मला म्हणाली, "हे कुठे मिळतं?"

"मिळेल," म्हटलं. "दसऱ्यानंतर."

मकरंदच्या बायकोने शिरा केला होता. मी हवेत. काय खाल्लं आठवत नाही, शिरा होता एवढं खरं.

२५ ऑगस्ट, सोमवार

शेणव्याची शाळा. जमिनीवर आले.

भोईर बाईंनी चौथीची पोरं व्हरांड्यात काढून दिली. मी खेकडा ठेवला. क्षणभर सगळी मागे सरली, मग हसली. एकाने उचलला. अंगठा पाठीवर, दोन बोटं पोटाखाली, हात लांब. दुसऱ्याच्या तोंडापुढे नेला. "चावंल रे, चावंल!" पळापळ. मग दप्तरांचं बीळ केलं, त्यात घातला, गवताची काडी घालून बाहेर काढला, परत घातला. अख्खी मधली सुट्टी हाच खेळ. धमाल केली.

आणि एकाही पोराने उघडला नाही.

एकही नाही! आत रोबोट आहे हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मी ओठ चावत बसले. बाई म्हणाल्या, "खेळली की हो पोरं." म्हटलं, "खेळली, पण खेकडाच खेळली." त्यांना माझं दुःख कळलं नाही. त्यांचं बरोबर आहे.

कल्याणला जे उघडलं ते इथं का मिटलेलं राहिलं? सांधा आवळला असेल. पोळीभाजीच्या तेलाने प्लास्टिक फुगतं का? विचारायचं मकरंदला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

घरी गणपती. पाहुणे, मोदक, आरत्या, आणि मी न्हाणीघराच्या पायरीवर खेकड्याचे सांधे घासत बसलेली. सुरेश डोकावून म्हणाला, "लग्नात हुंडा नको म्हटलं होतं, म्हणून आता खेकडा आणलास काय?" नवरा असून पाहुण्यांसमोर असली थट्टा करतो. चिमटा काढला त्याला.

सांधे इतके सैल झाले की नांगी नुसत्या फुंकरीनेही हलते. आता उघडायला काय अडचण? तरी मन म्हणतं, सांधा नाही. दुसरंच काहीतरी आहे.

दुपारी आरतीच्या तबकाकडे बघता बघता तंद्री लागली. निरांजन, कापूर, फुलं, सगळं सावकाश मिटत गेलं आणि त्यातून कुणीतरी उभं राहणार एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "शैला, तबक खाली ठेव, हात भाजंल."

१ सप्टेंबर, सोमवार

वैशाखरे. गौरीचं जेवण.

आमच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य. शेतातले खेकडे हवेतच. गणपतीपुढे पडदा ओढला की मग चुलीवर रस्सा चढतो, म्हणजे त्याला दिसायला नको. लहानपणी मला वाटायचं वास तर जात असेलच.

काकीने परसात बादली ओतली. खेकडे फरशीवर चहूकडे. काकी बोलता बोलता एकेक उचलत होती, माझ्याकडे बघत, सुनेची तक्रार सांगत, हाताकडे लक्षही नाही. अंगठा पाठीवर, बोटं पोटाखाली. दुसरा उचलला, तसाच. तिसरा, तसाच. शेजारची पोर मदतीला आली, तिनेही तसाच.

मी उभीच राहिले.

अगं बाई! नांगीला कोण हात लावेल? इथं चालायला लागल्यापासून शिकवतात, नांगीपासून लांब, मागून धर. मला बाबांनी शिकवलं. माझ्या अंगठ्याला अजून व्रण आहे. आणि मी काय केलं, तर खेकडा उघडायची मूठच नांग्यांना दिली! शेणव्याच्या पोरांना मी सांगत होते, बाळांनो, जिथं चावतो तिथूनच धरा. कल्याणच्या पोरांना चावलेलाच नाही कधी, ती धरणारच.

इतकी वर्षं खेळणी बघून बघून खेकडा बघायचा राहिला. कपाळ माझं. चुलीपाशी बसून हसले आणि मग रडू आलं. काकीला वाटलं मिरची झोंबली.

बाबा ओट्यावरून उठून आले, बादलीतला राहिलेला एक उचलला, उलटा केला, पोटाचा पडदा नखाने उचकटून पाहिला. "मादी हाय. पिल्लं हायत पोटाशी. ही नाय कापायची." आणि बांधावर जाऊन सोडून आले. उलटा करून पोट बघणं, हेही सगळे करतात. नराचा पडदा अरुंद, मादीचा रुंद. मलाही येतं, फक्त विसरले होते.

अंगठा पाठीवर. बोट पोटावर. मग तिथूनच का नाही?

४ सप्टेंबर, गुरुवार

शेठशी वाजलं.

कागदावर मी माझ्याच खेकड्यापुढे नापास लिहिलं. शेठने चष्मा काढला. "कल्याणची पोरं भांडली ना याच्यासाठी?"

"भांडली."

"मग?"

"शेणव्याची भांडली नाहीत."

"शेणव्याची पोरं विकत घेणार आहेत का, बेन? दुकान कल्याणला, ठाण्याला."

मी म्हटलं, खेकडा इथला आहे. ज्याने खरा खेकडा पाहिलाय त्याच्याच हातात जो उघडत नाही, त्याला मी खेकडा म्हणणार नाही. पोट दाबलं की उघडायला हवा. धरला की उघडला, असा. शेठ म्हणाला, "धरला की उघडला म्हणजे बॅगेत पण उघडेल. मकरंदचे किती दिवस जातील? सगळा सांगाडा फिरवायचा म्हणजे." मकरंद मान खाली घालून उभा. बिचाऱ्याचा दोन महिन्यांचा नकाशा मी केराच्या टोपलीत टाकायला निघालेली.

शेठ वाईट नाही. शेवटी म्हणाला, "पितृपक्ष बसतोय. मी नवं पोलाद मशीनवर चढवत नाही, माझे वडील चढवत नव्हते. दसऱ्याला सकाळी पूजा, मग डाय. तोपर्यंत तुम्हाला काय करायचं ते तुमच्या हाताने करा, मकरंदचा वेळ मिळणार नाही. दसऱ्याला सॅम्पल टेबलावर पाहिजे, मी स्वतः उघडून बघणार. नसेल तर पहिला खेकडा कापणार."

पहिला म्हणजे नांगीवाला. म्हणजे माझ्या नावाचा, आणि माझ्याच भागातल्या पोरांना न उघडणारा.

१० सप्टेंबर, बुधवार

पहिल्या सॅम्पलचे तुकडे केले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुपारी डबा खाऊन पॅकिंगच्या खोलीत बसते. कानशी, मेण, घड्याळाची स्प्रिंग, बिजागरीला टाचणी. सुरेशने त्याच्या हत्यारपेटीतला चिमटा दिला आणि काही बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे शाबासकी.

पाऊस भुरभुर आहे. खिडकीतून डोंगर दिसतो, ढग आला की जातो. ढग सरला की डोंगर तोच असतो की दुसरा ठेवलेला असतो, कोण सांगणार? असले विचार येतात आणि कानस चालत राहते. छान वाटतं खरं तर. दिवस कुठे जातो कळत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पोटाचा पडदा उघडतो, पाय पडत नाहीत. पाय पडतात तर पाठ अडते. पाठ सुटते तर माणूस तोंडावर आपटतो.

मकरंद चोरून येऊन बघून गेला. "ताई, वजन मागे न्या." एवढंच बोलला आणि पळाला. शहाणा आहे पोरगा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

उभा राहिला.

अंगठा पाठीवर ठेवायचा, बोटाने पोटाचा पडदा दाबायचा. पडदा खाली पडतो, त्याची छाती होते. आठ पाय एकदम सुटतात, खालचे चार जुळून दोन पाय होतात, वरचे चार पाठीशी दुमडतात. पाठ वर सरकते. नांग्या शेवटी, आपोआप, सावकाश खाली येतात आणि हात होतात. हात न लावता! ज्या नांग्यांना घाबरायचं त्याच शेवटी हात पुढे करून उभ्या. हे मी ठरवलं नव्हतं. स्प्रिंग ढिली होती म्हणून झालं. राहू दे तसंच.

मिटवायला मात्र कठीण. दोन हात लागतात आणि जीभ बाहेर काढावी लागते. खटका पहिल्याइतका गोड नाही. रंग नाही, करवतीचे ओरखडे, मेणाचे डाग. ओबडधोबड दिसतो. पण माझ्या हातात तो ज्या वेळी सुटला, त्या वेळी माझ्याच तोंडून "ओऽऽ" निघालं. तसं कधी होत नाही मला.

बसमध्ये डबा उघडून तीनदा बघितलं. बाहेर भातं पोटरलेली, सगळी हिरवी लाट, मधेच बगळा. आपण जागे आहोत की नाही याची खात्री करून घ्यावीशी वाटली, म्हणून कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून उगाच वाद घातला.

२४ सप्टेंबर, बुधवार

शेणवा, दुसऱ्यांदा.

व्हरांड्यात ठेवला. पोरांनी ओळखला, "तो मुठा परत आलाय!" शेतातल्या काळ्या खेकड्याला इकडे मुठाच म्हणतात. सोनल नावाची मुलगी पुढे आली, तेल लावलेल्या दोन वेण्या, एक वेणी सुटलेली. उचलला, अंगठा पाठीवर, आणि सवयीने उलटा केला. "नर हाय का मादी बघते." पडद्यावर बोट ठेवलं.

तो सुटला.

सोनल किंचाळली, फेकला, सगळी पोरं व्हरांड्याखाली. भोईर बाईसुद्धा खुर्चीवर पाय घेऊन. खेकडा फरशीवर पडल्या पडल्या उभा राहत होता, सावकाश, आणि शेवटी नांग्या खाली आल्या. मग सोनल पायरी चढून आली, त्याच्यापुढे बसली आणि म्हणाली, "माणूस झाला गो."

नंतर काय झालं ते लिहिता येत नाही नीट. मिटवायला शिकले, एकमेकांना शिकवलं, नवा पोरगा आला की त्याच्या हातात मिटलेला द्यायचा आणि तो किंचाळला की हसायचं. घंटा झाली तरी हलेनात. मी खांबाला टेकून बघत होते. वाटलं, असंच राहावं, घंटा वाजूच नये. पोरं मला विसरली होती. खेळणं चांगलं असलं की बनवणारा कुणाला आठवत नाही आणि तसंच असावं.

आणि निघताना डब्यात बघते तर खेकडा नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

भोईर बाईंचा फोन. "दप्तरं तपासू का? एका मिंटात निघंल."

नको म्हटलं. का नको म्हटलं? एकच सॅम्पल आहे. त्याचा नकाशा नाही, मापं नाहीत, सगळं हाताच्या अंदाजाने झालेलं. दसऱ्याला शेठच्या टेबलावर तोच पाहिजे. आणि मी म्हणते नको!

राग आलाय. खूप. आणि रागाच्या खाली, खरं सांगायचं तर, आनंद झालाय. इतके नग पोरांपुढे ठेवले, ट्रक, विमानं, वाघ, डायनासोर. सगळे मुकाट परत मिळाले. एकही कुणी चोरला नव्हता.

सुरेशला सांगितलं. म्हणाला, "मग मिठाई वाट आता. नोकरी गेली की घरी बसून खेकडे कर." हसला. मी हसले नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

दुसरा करायला घेतलाय. पडदा बसत नाही. पहिल्यात जी ढिली स्प्रिंग होती तशी दुसरी मिळत नाही. नव्या स्प्रिंगने नांग्या तोफगोळ्यासारख्या खाली येतात, पोराच्या डोळ्यात जातील. टाकला.

मकरंदने नांगीवाला पुन्हा छापलाय, शेठने सांगितलं म्हणून. गुळगुळीत, रंगवलेला, देखणा. शेठच्या टेबलावर पूजेच्या ताटाशेजारी बसलाय. मी त्याच्याकडे बघत नाही. तोही माझाच आहे म्हणून जास्त लागतं.

शेठने विचारलं, "सॅम्पल?"

"दसऱ्याला आणते," म्हटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी बाईंचा निरोप, सोनलने कबूल केलं. खंडेनवमीमुळे कारखान्यात हत्यारांची पूजा करून सुट्टी, म्हणून सरळ शेणव्याला उतरले.

सोनलचं घर शाळेमागच्या आळीत. आई धुणं वाळत घालत होती. सगळं समजल्यावर तिने पोरीला असं धरलं की मीच मधे पडले. "दे बाईंचा मुठा. कुठं ठेवलायस?"

सोनलने शेताकडे बघितलं. मग म्हणाली, "बिळात."

"कुठल्या बिळात?"

"शेतावं. मुठा बिळातच ऱ्हातो ना."

गेलो तिघी बांधावरून. भात निसवलेलं, दाणा भरतोय, दोन्हीकडून अंगाला घासतं. वाऱ्याने सगळं शेत एकदम एका बाजूला कलायचं. कुठे निघालोय ते मी विसरलेच थोडा वेळ. सोनल पुढे चालत बोलत होती, आता तिला कंठ फुटला होता. रोज शाळा सुटली की काढायची, माणूस करायची, पाण्याच्या कडेने चालवायची, आणि घरी जाताना परत खेकडा करून बिळात ठेवायची. "माणूस बिळात माईल का, म्हणून मिटवून."

एका बिळापुढे बसली. कोपरापर्यंत हात घातला. चाचपलं. तोंड बदललं.

"नाय."

"नीट बघ."

आणखी आत घातला, खांदा चिखलाला टेकला. आणि तिचा चेहरा उजळला. "हाय हाय!" म्हणत हात ओढला. अंगठा पाठीवर, बोटं पोटाखाली.

खरा खेकडा.

काळाभोर, थोराड, नांग्या उघडून माझ्याकडे. सोनल त्याच्याकडे बघते, मी बघते. आईने कपाळावर हात मारला. "ह्यानं घर बळकावलं त्याचं!"

माझा बहुतेक आणखी आत ढकलला गेलाय. बीळ बांधाच्या पोटात वळतं. खणलं तर मिळेल. तेवढ्यात सोनलचा बाप आला, त्याला सांगितलं. तो बांधाकडे बघून म्हणाला, "बाई, बांध नाय फोडायचा. पानी सुटलं तर दाना भरायचा ऱ्हाईल. कापणी झाली का मी सोता खणून देतो." बरोबर आहे. खेळण्यासाठी कुणाचा बांध कसा फोडू? सोनल रडायला लागली, आवाज न करता. मीही रडणारच होते, पण दोघींनी रडून काय करायचं? म्हटलं, "अगं, तिकडे त्याला घर मिळालंय. ओलं आहे, थंड आहे."

"तुमाला वरडतील?"

"वरडतील थोडे."

तिने खेकडा पुढे केला. "मंग ह्यो घ्या."

आई म्हणाली, "न्या न्या, रिकाम्या हाती कशाला जाता. नवरात हाय, आज नाय करायचा. घट उठले का रस्सा करा." माझाच डबा रिकामा होता. त्यात ओलं गवत घातलं, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. घेतला.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळची बस. लिहिताना हलतंय.

रात्रभर तो पातेल्यात खरवडत होता. सुरेश म्हणाला, "सोड त्याला नाहीतर शिजव, पण आज घेऊन जाऊ नकोस. शेठ कांदासुद्धा खात नाही. पूजेच्या दिवशी त्याच्या टेबलावर जिवंत खेकडा ठेवलास तर तुला गेटवरूनच हाकलतील." हाकलतील, खरं आहे. पहाटे उठून नदीत सोडायला निघालेही होते, पायरीपर्यंत गेले. मग परत आले आणि त्याला डब्यात घातलं.

शेठला मी काय सांगणार? पोटाकडून उघडतो, नांग्या आपोआप खाली येतात, सोनल किंचाळली. तो म्हणेल, दाखवा. दाखवायला काही नाही. असलं तरी उपयोग किती? त्याने आयुष्यात खेकडा हातात धरलेला नाही. मकरंदनेही नाही. त्यांना काय कळणार, मी कशावरून भांडतेय ते? तेव्हा ठरवलंय. डबा उघडायचा, टेबलावर मोकळा सोडायचा, शेजारी तो गुळगुळीत नांगीवाला ठेवायचा. आणि शेठला म्हणायचं, उचला.

बस्स. कुठून धरतात बघू.

डाय कापतील, नोकरी जाईल, की दोन्ही होईल, की काहीच नाही. तरी झोप येतेय, धुकं आहे बाहेर, झाडं येतात आणि पुसली जातात. झेंडूच्या माळा घातलेल्या रिक्षा. डबा मांडीवर आहे, आत खुडखुड चालू.

शेजारी बसलेली म्हातारी मघापासून डब्याकडे बघत होती. आता विचारलंच. "बाय, काय हाय गो त्यात?"

म्हटलं, "सॅम्पल."